तांबीची परीक्षा

आमच्याकडे रोज सकाळी सातच्या सुमारास चोर यायचा. आल्या आल्या ओट्यावर मांडी घालून बशीतून चहा प्यायचा, जाता जाता माझी वेणी ओढायचा, "आक्का, आज भाकरी दोन जास्त टाक, लय पळायचंय," असं आईला सांगायचा आणि मग पत्र्याच्या शेडमधल्या खुंटीवरून गोधडीची बाही काढून उजव्या हातावर चढवायचा. ही बाही आईनं शिवली होती. आत जुनी गोधडी, वर दोन थर गोणपाट, आणि खांद्याला बांधायला नाडी. बाही चढली की चोर विहिरीमागं जाऊन लपायचा आणि आम्ही सगळे त्याची वाट बघत उभे राहायचो. हा चोर म्हणजे आईचा धाकटा भाऊ, माझा दत्तूमामा. शेजारच्या मळ्यात मजुरी करायचा आणि कामावर जाण्याआधी आमच्याकडं तासभर चोर व्हायचा. आईसुद्धा दुपारी दारातून विचारायची, "चोर आला का गं जेवायला?" पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे व्हायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पोलिसांच्या श्वानपथकात होते. गुडघा गेला तेव्हा नोकरी सोडली आणि शहराबाहेर, आडगाव नाक्याच्याही पुढं, जिथं तेव्हा पेरूच्या बागा आणि बाभळी सोडून काही नव्हतं, तिथं जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या. पण हात रिकामे ठेवणं अण्णांना जमण्यातलं नव्हतं. हळूहळू निफाड, पिंपळगाव, पार देवळ्याकडचेही शेतकरी आपापली कुत्री आणून सोडायला लागले. कुणाचा द्राक्षाचा मळा गावापासून लांब, कुणाच्या कांद्याच्या चाळीवर राखण नाही, कुणाची म्हातारी आई मळ्यातल्या घरात एकटी. तीन-चार महिने कुत्रं आमच्याकडं राहायचं आणि शिकून परत जायचं. आज त्या जागेवर सात मजली इमारत आहे आणि तिच्या फाटकावर झोपाळलेला रखवालदार बसतो. मी मुद्दाम एकदा जाऊन बघून आले. विहीर कुठं होती तेही मला सांगता आलं नाही.

घरात पाच-सहा कुत्री म्हणजे पाच-सहा पाहुणेच. पहाटेपासून साखळ्यांचा खळखळाट, पत्र्यावर आपटणाऱ्या शेपट्यांचे आवाज, आणि अंगणातल्या तीन दगडांवर रटरटणारं हाडांचं पातेलं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. ती अंड्यालासुद्धा शिवायची नाही, पण रोज पदर नाकाला लावून ते पातेलं ढवळायची आणि अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "मागच्या जन्मी काय केलं होतं कोन जाणे." त्या रश्श्यात बाजरीच्या जाड भाकरी कुस्करून मोठ्या घमेल्यात कालवल्या जायच्या. कुत्र्यांसाठी म्हणून थापलेल्या त्या भाकरींचा पापुद्रा आमच्या भाकरींपेक्षा खरपूस व्हायचा, असं मला वाटायचं. मी गुपचूप एखादी लाल तिखटाबरोबर खायची. कुत्र्यांची भाकरी खाल्ली म्हणून मामा मला बघून भुंकून दाखवायचा.

अण्णांच्या शिकवणीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज होता. त्यांना वाटायचं, इथं कुत्र्याला चावायला शिकवतात. अण्णा वैतागायचे. "चावायला शिकवायला मी कशाला पायजे? ते त्याला आईच्या पोटात येतं. मी सोडायला शिकवतो." अनोळखी माणूस एकाएकी अंगावर आला तर राखणीच्या कुत्र्यानं काय करायचं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की पाढ्यांसारखं पाठ होतं. आधी मालक आणि परका यांच्या मध्ये येऊन उभं राहायचं. मागं लपायचं नाही आणि धावूनही जायचं नाही. मग आवाज द्यायचा, मोठा, छातीतून. मग मान वळवून मालकाकडं एकदा बघायचं. समोरचा थांबला तर आपणही थांबायचं, कारण उभ्या राहिलेल्या माणसाशी कुत्र्याचं काही भांडण नसतं. त्याचा हात मारायला उठला तरच झेप, आणि धरायचा तो उठलेला हातच, दुसरं काही नाही. एकदा धरला की मालक 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचा नाही आणि 'सोड' म्हटल्यावर क्षणभरही धरायचा नाही. आपल्या मनानं सोडणारं कुत्रं अण्णांच्या लेखी कच्चं. "त्यानं सोडलं आन चोरानं दुसऱ्या हातानं कोयता काढला तर?" ते विचारायचे. आणि 'सोड' ऐकूनही न सोडणारं कुत्रं त्याहून वाईट. असं कुत्रं त्यांनी कधी कुणाच्या घरी जाऊ दिलं नाही.

तांबी आली ती निफाडच्या एका बागायतदाराकडून. आम्ही त्यांना बागवाले काका म्हणायचो. आई अल्सेशियन, बाप कुठला तरी गावठी, रंग घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा. काका मळ्यात राहायचे आणि महिन्यातले निम्मे दिवस माल घेऊन बाहेर. घरात त्यांची बायको आणि दोन लहान पोरं. कुत्री अंगानं चांगली, पण कुठं फटाका वाजला, कुठं टायर फुटलं की ही बाजेखाली. काका म्हणाले, "अण्णा, ही जमली तर जमली, नायतर ठेवा तुमच्याकडंच. आमच्या काय कामाची नाय." त्यांनी हे सहज म्हटलं होतं. मी मात्र ते घट्ट धरून ठेवलं. बाकीची कुत्री शेडमध्ये बांधलेली असायची, पण भित्र्या कुत्र्याला माणसात ठेवावं लागतं म्हणून अण्णांनी तांबीला घरात मोकळी ठेवली आणि तिचं सगळं माझ्याकडं दिलं. खाणं मी द्यायची, साखळी मी धरायची, हुकूम मी द्यायची. चौदा-पंधरा वर्षांची होते मी. भावंड नव्हतं. तांबी माझ्या पायांवर हनुवटी टेकून झोपायची, मी अभ्यास करताना माझ्या पेन्सिली खायची, आणि मी रडले की माझ्या कोपराखाली नाक घालून हात वर उचलायची. तिची परीक्षा फसावी आणि ती कायमची माझी व्हावी, एवढंच मला तेव्हा हवं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तांबीची भीती घालवायला अण्णांनी एक युक्ती काढली. मामा आतापर्यंत काठी घेऊन चोर व्हायचा. अण्णांनी त्याच्या हाती बैलगाडीचा जुना आसूड दिला. आधी लांबून, मग रोज दोन पावलं जवळून, आसूड हवेत कडाडायचा आणि त्याच वेळी मी तांबीच्या तोंडात गुळाचा खडा द्यायची. आठ-दहा दिवसांत ती थरथरायची थांबली. महिनाभरात आसूड वाजला की कान टवकारून पुढं यायला लागली. मग मामा विहिरीमागून उडी मारून आसूड वाजवत माझ्यावर धावायचा, तांबी मध्ये यायची, भुंकायची, माझ्याकडं बघायची, मामाचा हात उठला की बाही धरायची, मी 'सोड' म्हणायची, ती सोडायची. अण्णा खूश. पण एकदा जेवताना म्हणाले, "हिला चोर वळखीचा झालाय. दत्तूचा वास लागला का हिची शेपूट हलती. परका मानूस पायजे एकदा." मामा घास तोंडात ठेवूनच म्हणाला, "दाजी, परका मानूस फुकट हात द्यायला येतोय व्हय?" सगळे हसलो. बागवाले काका येत्या रविवारी येणार होते. अण्णांनी ठरवलं, त्यांच्यासमोर परीक्षा घ्यायची, जमलं तर न्यावी, नाही तर राहू दे.

आसुडाच्या त्या युक्तीत एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. आषाढ लागला होता, आणि आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी आमच्या वस्तीवर पोतराज यायचा.

तो दरवर्षीचाच. उघडं अंग, कमरेला रंगीबेरंगी खणांचा घागरा, पायांत घुंगरं, मोकळे सोडलेले लांब केस, कपाळभर हळदीकुंकू. बरोबर त्याची बायको, डोक्यावर मरीआईचा देव्हारा आणि कमरेला ढोलकं. तो अंगणात येऊन हातातला जाड आसूड, म्हणजे कोरडा, कडाडकन हवेत वाजवायचा आणि मग नाचत नाचत स्वतःच्याच उघड्या पाठीवर, दंडावर ओढून घ्यायचा. कुत्री भुंकायची, पण आमच्या घरी कोरडा वाजला म्हणजे चोर आला, असं आधी कुठल्या कुत्र्याला शिकवलेलंच नव्हतं. आई तरी लांबून ढोलकं ऐकून सगळ्यांच्या साखळ्या एकदा बघून यायची. त्या मंगळवारी अण्णा हाडं आणायला सायकलवर पंचवटीत गेले होते, मामा निंदणीला, आणि आई आत भरभर करणाऱ्या स्टोव्हपुढं. तिला ढोलकं ऐकू गेलं नाही. मला आलं. मी ओट्यावर बाजरी निवडत बसले होते, पायाशी तांबी. साखळ्या बघणं हे आईचं काम, म्हणून मी उठले नाही.

कोरडा वाजला आणि माझ्या पायावरचं ओझं एकदम हललं. तांबी उडी मारून अंगणात गेली, माझ्या आणि त्याच्या बरोबर मधोमध उभी राहिली आणि छातीतून भुंकली. मग मान वळवून तिनं माझ्याकडं बघितलं. सगळं पाठ केल्यासारखं. आजही मला ते बघणं आठवतं, कारण तेव्हाच मी तिला परत बोलवायला हवं होतं. मी बघतच राहिले. कुत्री अंगावर येणं पोतराजाला रोजचंच. तो थांबला नाही. त्यानं दुसऱ्यांदा कोरडा वाजवला आणि पाठीवर घ्यायला हात वर केला. त्या हातात बाही नव्हती. तांबीनं झेप घेतली आणि कोपराखाली तो उघडा हात धरला.

कोरडा खाली पडला, ढोलकं बंद झालं, त्याची बायको किंचाळली. तो ओरडला नाही. हिसडासुद्धा दिला नाही. खांबासारखा जागच्या जागी उभा राहिला आणि माझ्याकडं बघत राहिला. माझ्या तोंडात शब्द तयार होता. एवढासा शब्द, रोज वीसदा म्हटलेला. तोंड उघडलंही होतं मी. आणि तेवढ्यात डोक्यात आलं, मी 'सोड' म्हटलं की नाही हे कुणाला कळणार, हिनं सोडलं नाही तर ही नापास. हिनं सोडलं नाही तर ही माझी.

घाबरले म्हणून वाचा गेली, असं लिहिलं तर कुणीही विश्वास ठेवील. पुढं कित्येक वर्षं मीही स्वतःला तेच सांगत आले. पण आता सत्तरी जवळ आली आहे आणि खोटं सांभाळायचाही कंटाळा येतो. मी घाबरले होते हे खरं, पण शब्द मी अडवून धरला होता. फार वेळ नाही. मामा विडीचा एक झुरका मारायचा तेवढा वेळ. दुसऱ्या माणसाचा हात कुत्र्याच्या जबड्यात असताना तो वेळ फार मोठा असतो.

सोडलं ते तांबीनंच. कुणी न सांगता. तिनं जबडा सैल केला, दोन पावलं मागं सरकली आणि जमिनीवर पडलेल्या कोरड्यासमोर जाऊन बसली. त्या माणसाकडं तिनं परत पाहिलंही नाही. ती कोरड्याकडं बघून गुरगुरत होती. अण्णांच्या नियमात हे कुठंच बसत नव्हतं. या माणसाशी आपलं भांडण नाही, हे तिला कळलं होतं, आणि मला वाटतं, त्याला मारणारी वस्तू कुठली तेही कळलं होतं.

आई धावत आली. तिनं त्याला ओट्यावर बसवलं, साबण लावून तांब्यामागून तांब्या पाणी ओतलं. दोन दात रुतले होते, बाकी नुसते वळ. आई विचारत होती, "नाव काय दादा तुमचं? कुठलं गाव?" इतकी वर्षं तो दारात येत होता आणि त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. "किसन," तो म्हणाला, "नांदगावकडचे आमी." हात धुऊन होतोय तोच अण्णांची सायकल फाटकातून आत आली. हाडांची पिशवी तशीच टाकून ते लंगडत आले, किसनबाबांचा हात उजेडात फिरवून बघितला, तांबीकडं बघितलं, मग माझ्याकडं. हात धरला कसा, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांना ते न सांगता कळलं होतं.

"सोडला कसा?" त्यांनी विचारलं. "सोड म्हटलं कुनी?"

मी खाली बघत होते. ओट्यावर बाजरी सांडली होती.

"पोरगी वरडली ना," किसनबाबा म्हणाले. "सोड म्हनली का लगीच सोडलं बगा जनावरानं. तिला काय बोलू नका."

अण्णांचा हात माझ्या डोक्यावर आला. "शाब्बास, सुमे." अण्णांच्या तोंडून शाब्बास क्वचित निघायचं. ते शाब्बास मला आयुष्यात सगळ्यांत जड गेलं. मग त्यांनी किसनबाबांना सायकलवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तांबीला लस टोचलेली होती, तरी अण्णांनी सगळी इंजेक्शनं पुरी होईपर्यंत रोज त्यांना सोबत केली. आईनं दोघा नवरा-बायकोला तेवढे दिवस शेडशेजारच्या खोलीत ठेवून घेतलं आणि मरीआईचा देव्हारा आमच्या कोनाड्यात विसावला. तांबी येता-जाता किसनबाबांचा तो हात हुंगायची आणि ते तिला भाकरीचा तुकडा द्यायचे.

मंगळवार ते रविवार हे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. खरं सांगितलं असतं तर तांबी राहिली असती. मी शब्द उच्चारलाच नाही, तिनं आपल्या मनानं सोडलं, एवढं सांगायचं होतं. अण्णा म्हणाले असते, कच्ची आहे, राहू दे. पण त्याच्या पुढचा प्रश्न ठरलेला होता: 'तू का नाही म्हणालीस?' त्याला माझ्याकडं उत्तर होतं आणि ते मला अण्णांच्या तोंडावर सांगायचं नव्हतं. मी ताटावर बसायची, तोंड उघडायची आणि घास घालायची. आईला वाटलं, पोरीनं धसका घेतलाय. तिनं मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली.

रविवारी बागवाले काका जीप घेऊन आले. येताना बेदाण्यांची पिशवी आणली होती. त्यांना वाटेतच बातमी लागली होती. "चावली म्हनं! वा! आता खरी राखणदार!" अण्णांचा चेहरा कडक झाला.

"चावली नाय. परक्या मानसावर परीक्षाच झाली तिची. धरला, आन सांगितल्याबरोबर सोडला. चावली असती तर मी तुमाला ही दिली नसती, आन आपल्या मनानं सोडला असता तरी नसती दिली. पोरीचा शब्द ऐकला म्हनून देतोय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सुमे, आन तिला."

किसनबाबा शेडच्या दाराशी पट्टी बांधलेला हात घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते तांबीकडं बघत होते. मी साखळी धरून तांबीला जीपपर्यंत नेलं. ती चढेना. काकांनी बोलावलं, अण्णांनी पाठीवर थोपटलं, तरी ती मान वळवून माझ्याकडंच बघत उभी. अण्णा म्हणाले, "तू सांग. तुझंच ऐकती." मी म्हटलं, "चढ." तो शब्द मात्र लगेच निघाला. ती चढली. जीप पेरूच्या बागेपलीकडं गेली तरी मी साखळी धरल्यासारखी मूठ आवळून उभी होते. नंतर मी शेडमध्ये जाऊन मामाच्या बाहीत तोंड घालून रडले. त्या गोणपाटाला तिच्या तोंडाचा वास येत होता.

तांबी त्या मळ्यात पुष्कळ वर्षं राहिली. काकांच्या धाकट्या पोराच्या बाजेखाली झोपायची, असं अण्णा सांगायचे. ते अधूनमधून बघून यायचे. मला चल म्हणायचे, पण मी एकदाही गेले नाही. तिनं माझ्याकडं तसं वळून बघितलं असतं तर मला सहन झालं नसतं. अण्णा गेले तेव्हाही त्यांना वाटत होतं की त्यांच्या लेकीनं ऐन वेळी न डगमगता एका माणसाचा हात वाचवला. ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जायची.

पुढच्या आषाढात एका मंगळवारी ढोलकं ऐकू आलं. ह्या वेळी मी उठले, साखळ्या बघून आले आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. किसनबाबा बाहेरच थांबले होते. कोरडा वाजवला नव्हता.

"कुत्री हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. गेली, निफाडला."

"लय शहानी व्हती," ते म्हणाले आणि हात पुढं करून दाखवला. कोपराखाली दोन पांढुरके ठिपके होते, तांदळाएवढे. मी ते बघत राहिले. आई आत सुपात बाजरी घेत होती. वर्षभर कुणापुढं न उघडलेलं तोंड मी त्यांच्यापुढं उघडलं.

"बाबा, मला शब्द येत होता."

"म्हाईत हाय, बाय," ते शांतपणे म्हणाले. "मी तुज्या तोंडाकडंच बगत व्हतो."

आई सूप घेऊन आली. त्यांनी झोळीत बाजरी घेतली, माझ्या कपाळाला हळद लावली आणि बायकोबरोबर रस्त्याला लागले. कोरडा हाताला गुंडाळलेला होता. वळणापर्यंत मी कान देऊन उभी राहिले. ढोलकं वाजत होतं, पण कोरडा त्यांनी आमच्या वस्तीवर वाजवला नाही.